ह्यूमन जिऑग्रफी, यूएस हिस्ट्री, गव्हर्नमेंट: गुण नेमके कुठे जातात

"सगळं येत होतं, तरी पाचपैकी तीनच मिळाले." जुलैत एपीचे (ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे हायस्कूलमधले कॉलेजच्या पातळीचे कोर्स) निकाल लागले की अमेरिकेतल्या अनेक घरांत हे वाक्य ऐकू येतं, आणि सोशल स्टडीजच्या बाबतीत ते बहुधा खरंच असतं. मुलाला मजकूर येत असतो. सन तोंडपाठ, घटनादुरुस्त्यांचे क्रमांक तोंडपाठ, मॉडेलांची नावं तर झोपेतून उठवून विचारली तरी सांगेल. पण ह्यूमन जिऑग्रफी आणि गव्हर्नमेंटमध्ये निम्मे आणि हिस्ट्रीत ६० टक्के गुण लेखनाला आहेत. ते लेखन तपासणाऱ्यासमोर एक आखीव रुब्रिक (गुणदानाचे निकष) असतं. प्रश्नाने सांगितलेली कृती झाली का आणि दिलेला पुरावा मुद्द्याला बांधला का, यावर त्यातला जवळजवळ सगळा हिशोब चालतो. सुटी माहिती कितीही ओतली तरी ती त्या चौकटीत बसत नाही.

शाळाशाळांत क्रम साधारण असा असतो: नववीत ह्यूमन जिऑग्रफी, दहावीत वर्ल्ड हिस्ट्री, अकरावीत यूएस हिस्ट्री (मुलं याला 'एपुश' म्हणतात) आणि बारावीत गव्हर्नमेंट. हे शेवटचं बऱ्याच ठिकाणी अर्ध्याच वर्षाचं असतं, उरलेल्या सेमिस्टरला इकॉनॉमिक्स. राज्याराज्यांत फरक आहेत आणि ते आधी बघून ठेवलेले बरे. टेक्ससमध्ये हायस्कूलचा साधा यूएस हिस्ट्री कोर्स १८७७ पासून सुरू होतो, राज्याची 'स्टार' परीक्षाही तेवढ्यावरच असते, कारण त्याआधीचा इतिहास आठवीत होऊन गेलेला असतो. एपीचा अभ्यासक्रम मात्र १४९१ पासून आहे. म्हणजे वसाहती, राज्यघटना, यादवी युद्ध हे सगळं तेराव्या वर्षी एकदा डोळ्यांखालून गेलेलं असतं आणि अकरावीत ते पुन्हा, बरंच खोलात जाऊन, उभं करावं लागतं. पहिल्या दोन महिन्यांत मुलं दमतात ती यामुळे.

जिऑग्रफी: क्रियापद वाचा

ह्यूमन जिऑग्रफीला 'सोपा एपी' म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. पारिभाषिक शब्द शेकड्यांनी आहेत आणि बहुतेक मुलांची ही पहिलीच एपी परीक्षा असते. सव्वादोन तासांत आधी ६० मिनिटांत ६० बहुपर्यायी प्रश्न, मग ७५ मिनिटांत तीन एफआरक्यू (लेखी उत्तरांचे प्रश्न). प्रत्येक एफआरक्यूत 'ए' ते 'जी' असे सात उपप्रश्न, प्रत्येकी एक गुण. पहिल्यासोबत नकाशा किंवा तक्ता नसतो, दुसऱ्यासोबत एक असतो, तिसऱ्यासोबत दोन.

इथे सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक म्हणजे निबंध लिहिणं. इंग्लिशच्या वर्गात प्रस्तावना आणि समारोप शिकवलेला असतो, तो मुलं इथेही करतात. इथे थीसिसला (उत्तराच्या मुख्य दाव्याला) गुण नाही, प्रस्तावनेलाही नाही. 'ए' असं लिहून उत्तर, मग 'बी' असं लिहून उत्तर, संपलं. 'आयडेंटिफाय' असेल तर एक वाक्य पुरतं. 'डिस्क्राइब' म्हटलं की त्या गोष्टीची लक्षणं सांगायची. 'एक्स्प्लेन' आलं की कारण हवंच, आणि त्या कारणापासून परिणामापर्यंतचा रस्ता दिसायला हवा. 'कम्पेअर'मध्ये दोन्ही बाजू उत्तरात आल्या नाहीत तर गुण जातो. एकीचं वर्णन करून दुसरी वाचणाऱ्यावर सोडून चालत नाही.

लोकसंख्या संक्रमणाच्या मॉडेलवर (जन्मदर आणि मृत्युदर टप्प्याटप्प्याने कसे घसरतात ते दाखवणाऱ्या) नेहमीचा प्रश्न घ्या: दुसऱ्या टप्प्यात लोकसंख्या झपाट्याने का वाढते ते स्पष्ट करा. "कारण दुसऱ्या टप्प्यात जन्मदर जास्त आणि मृत्युदर कमी असतो" हे उत्तर वाचायला बरोबर वाटतं, पण ते टप्प्याचं वर्णन झालं. गुण मिळवणारं उत्तर असं असतं: स्वच्छ पाणी, लसी आणि अन्नाचा नियमित पुरवठा आल्यामुळे विशेषतः बालमृत्यू घटतात आणि मृत्युदर खाली येतो. कुटुंबं मात्र अजून शेतीवर जगत असतात, मुलांचे हात त्यांना कामाला हवे असतात आणि मुलं दगावण्याची जुनी भीती लगेच जात नाही, म्हणून जन्मदर वरच राहतो. दोन दरांमधली ही फट हीच वाढ. तीन वाक्यं आहेत, पण 'का' दोनदा उलगडलं आहे. याच धड्यातलं गणित अगदी किरकोळ आहे आणि तरी चुकतं, कारण दर हजारी दिलेले असतात आणि नैसर्गिक वाढ टक्क्यांत सांगायची असते. जन्मदर ३५, मृत्युदर १० असेल तर फरक २५, म्हणजे अडीच टक्के. ७० ला अडीचने भागलं की लोकसंख्या दुप्पट व्हायला लागणारी वर्षं येतात: २८.

मॉडेलांचं पाठांतर करताना दोन गोष्टी सोबत लिहून ठेवाव्यात: ते कुठल्या गृहीतकांवर उभं आहे आणि आज कुठे मोडतं. फॉन थ्यूनेनने १८२६ साली शेतीची वर्तुळं मांडली. मध्ये बाजारपेठ, तिच्याजवळ दूध आणि भाजीपाला, मग जंगल, मग धान्य, सगळ्यांत बाहेर गुरं. जंगल दुसऱ्या वर्तुळात का, हे ज्याला सांगता येतं त्याला मॉडेल कळलं आहे. सरपण आणि इमारती लाकूड जड असतं, वाहून नेणं महाग पडतं आणि त्या काळी प्रत्येक घराला ते लागायचं. आता या चित्रात रेफ्रिजरेटेड ट्रक आणला की दुधाला शहराला चिकटून राहायची गरज उरत नाही. 'मॉडेलची एक मर्यादा स्पष्ट करा' या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. शहरांच्या मॉडेलांचंही तेच. बर्जेसची १९२५ ची वर्तुळं शिकागोवरून आली, होयटचे पट्टे १९३९ चे, हॅरिस आणि उलमन यांची अनेक केंद्रं १९४५ ची. मोटारगाडी किती घरांत पोहोचली होती हे या तीन सनांशेजारी ठेवून पाहिलं की शहराचा आकार का बदलत गेला हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

स्केल हा या कोर्समधला खरा काटा. नकाशाचं प्रमाण आणि विश्लेषणाची पातळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जगाच्या नकाशावर देशवार आकडे रंगवले असतील तर नकाशा जगाचा आहे, पण विश्लेषण देशपातळीवरचं आहे. त्यावरून एखाद्या देशाच्या आत काय चाललंय याबद्दल निष्कर्ष काढला की उत्तर चुकलं. इजिप्तचं उदाहरण इथे हाताशी ठेवावं. देशाच्या एकूण क्षेत्रफळाने भागलं तर घनता बेताची दिसते, शेतीयोग्य जमिनीने भागलं की आकडा एकदम फुगतो, कारण जवळजवळ सगळी वस्ती नाईलच्या काठाने आहे.

एक जनगणना, तीन कोर्स

तिन्ही विषय वेगवेगळ्या वह्यांत राहतात हे मला त्यांच्या अभ्यासातलं सगळ्यात मोठं नुकसान वाटतं. एकच धागा पकडून बघा: दर दहा वर्षांनी होणारी जनगणना आणि तिच्यावरून प्रतिनिधीगृहाच्या जागांची राज्यांत होणारी वाटणी.

सुरुवात १७८७ ची. मोठ्या राज्यांना लोकसंख्येवर प्रतिनिधित्व हवं होतं, छोट्यांना समान. कनेक्टिकट तडजोडीने दोन सभागृहं दिली. मग लोकसंख्या मोजायची कशी, हा वाद उभा राहिला आणि गुलाम केलेल्या माणसांपैकी तीनपंचमांश धरायचे असं ठरलं. त्यांना मताचा अधिकार नव्हता, पण त्यांच्या संख्येवर दक्षिणेला जागा मिळाल्या आणि अध्यक्षीय निवडणुकीत जादा इलेक्टोरल मतंही (अध्यक्ष निवडणारी राज्यवार मतं). १८६८ ची चौदावी दुरुस्ती आली तेव्हा ते कलम गेलं आणि 'संपूर्ण व्यक्ती' मोजायचं ठरलं. एवढा भाग हिस्ट्रीच्या तिसऱ्या आणि पाचव्या कालखंडात येतो, गव्हर्नमेंटच्या पहिल्या युनिटमध्येही येतो.

पुढचा टप्पा वर्गात बरेचदा निसटतो. १९२० च्या जनगणनेत पहिल्यांदाच शहरी लोकसंख्या निम्म्याच्या वर गेली. (२,५०० वस्तीचं गावही तेव्हा शहर मानलं जाई, हे लक्षात ठेवलेलं बरं.) ग्रामीण भागातल्या लोकप्रतिनिधींना शहरांकडे आणि तिथल्या स्थलांतरितांकडे सत्ता जाऊ द्यायची नव्हती, आणि त्या दशकात काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) जागांची फेरवाटणी केलीच नाही. त्याच दशकात, १९२४ साली, स्थलांतराचा कायदा झाला. त्याने प्रत्येक देशाचा कोटा १८९० च्या जनगणनेतल्या त्या देशात जन्मलेल्यांच्या दोन टक्क्यांवर बांधला. १८९० का? कारण दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणारी मोठी लाट त्यानंतरची होती. कुठली जनगणना पकडायची यातच धोरण होतं. शेवटी १९२९ च्या कायद्याने फेरवाटणी आपोआप होईल अशी सोय झाली आणि ४३५ हा आकडा पक्का झाला. अलास्का आणि हवाई आल्यावर थोडा काळ तो ४३७ होता.

आता २०२०. टेक्ससला दोन जागा जास्त मिळाल्या. फ्लोरिडा, नॉर्थ कॅरोलायना, कोलोरॅडो, ओरेगन आणि मोंटाना यांना एकेक. कॅलिफोर्नियाने इतिहासात पहिल्यांदाच जागा गमावली. इलिनॉय, मिशिगन, ओहायो, पेनसिल्व्हेनिया, वेस्ट व्हर्जिनिया आणि न्यूयॉर्क यांचीही एकेक गेली. न्यूयॉर्कची जागा ८९ माणसं कमी पडल्याने गेली. जिऑग्रफीतला विद्यार्थी ही यादी नकाशावर रंगवेल तर त्याला जुना कारखानदारी पट्टा आणि दक्षिण-पश्चिमेचा 'सन बेल्ट' समोर दिसेल आणि पुश-पुल घटकांचं (माणसं एक जागा का सोडतात आणि दुसरीकडे का ओढली जातात याचं) उत्तर त्यातूनच लिहिता येईल. एक सावधगिरी: कॅलिफोर्नियाची लोकसंख्या त्या दशकात वाढलीच होती. जागा गेली ती वाढ इतरांपेक्षा मंद होती म्हणून. गव्हर्नमेंटचा विद्यार्थी इलेक्टोरल मतं मोजेल: टेक्सस ३८ वरून ४०, कॅलिफोर्निया ५५ वरून ५४, न्यूयॉर्क २९ वरून २८.

इथेच तिन्ही कोर्सांतली एक सामायिक चूक होते. राज्याराज्यांत जागा वाटणं ही एक पायरी. राज्याच्या आत मतदारसंघांच्या सीमा आखणं ही दुसरी, आणि ती बहुतेक राज्यांत विधिमंडळ करतं. त्या सीमा एखाद्या पक्षाच्या किंवा गटाच्या सोयीने वाकवणं म्हणजे जेरीमँडरिंग. पहिल्याबद्दल विचारलं की मुलं तिसऱ्याबद्दल लिहितात, कारण ते जास्त रंजक आहे. सिनेटमध्ये जेरीमँडरिंग होतं असं लिहिणारेही असतात. सिनेटरचा मतदारसंघ म्हणजे अख्खं राज्य, त्यामुळे तिथे आखायला सीमाच नाही.

हिस्ट्री: डीबीक्यू

परीक्षा सव्वातीन तासांची. ५५ मिनिटांत ५५ बहुपर्यायी प्रश्न, ४० मिनिटांत तीन छोटी उत्तरं, मग तासाभराचा डीबीक्यू (दिलेल्या दस्तऐवजांवरचा निबंध) आणि ४० मिनिटांचा दीर्घ निबंध. वजन अनुक्रमे ४०, २०, २५ आणि १५ टक्के. बहुपर्यायी प्रश्न उताऱ्यांवर गटागटाने येतात. तिथे फारसं शिकवण्यासारखं नाही, उताऱ्याखालचा सन आणि लेखक आधी वाचायचा, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत म्हणून एकही प्रश्न सोडायचा नाही. छोट्या उत्तरांत तीन उपप्रश्न असतात आणि प्रत्येकाला एक नेमकं उदाहरण व त्याचा प्रश्नाशी संबंध, बस.

डीबीक्यूवर मात्र वेळ घालवायला हवा. सात दस्तऐवज, सात गुण: थीसिस एक, पार्श्वभूमी एक, पुरावा तीन, विश्लेषण दोन. २०२३-२४ पासून रुब्रिक थोडं सैल झालं आहे. पुराव्याचा पहिला गुण तीन दस्तऐवजांच्या मजकुरावर मिळतो, चार वापरून युक्तिवाद उभा केला तर दुसरा, आणि दस्तऐवजाबाहेरच्या एका ठोस माहितीवर तिसरा. स्रोताचं विश्लेषण दोन दस्तऐवजांचं पुरतं. जुन्या मार्गदर्शक पुस्तकांत सहा आणि तीन असे आकडे सापडतील, ती घरात असतील तर त्या पानांवर काट मारून ठेवा.

समजा प्रश्न असा आहे: १८९० ते १९२० या काळात अर्थव्यवस्थेतली संघराज्य सरकारची भूमिका किती प्रमाणात बदलली याचं मूल्यमापन करा. "या काळात सरकारची भूमिका मोठ्या प्रमाणात बदलली" या वाक्याला गुण नाही, कारण त्यात प्रश्नच परत लिहिला आहे. आता हे बघा: "१८९० च्या शर्मन कायद्याने मक्तेदारी रोखण्याचा अधिकार सरकारला कागदावर दिला, पण न्यायालयांच्या संकुचित अर्थामुळे तो सुरुवातीला दुबळाच राहिला; १९०० नंतर रेल्वेचे दर, अन्न-औषधं आणि बँका यांवर सरकारचं नियंत्रण खऱ्या अर्थाने आलं, मात्र कामगारांचं संरक्षण त्या बदलाच्या कडेलाच राहिलं." यात बाजू आहे, क्रम आहे, मर्यादाही आहे. पुढचे तीन परिच्छेद याच वाक्यातून फुटतात, वेगळा आराखडा काढावा लागत नाही.

पार्श्वभूमीचा गुण मुलं एका अर्धवट वाक्यात मागायला जातात आणि तो मिळत नाही. तीन-चार वाक्यं हवीत, आणि ती प्रश्नाच्या काळाच्या आधीची किंवा त्याभोवतीची: यादवी युद्धानंतर पसरलेली रेल्वे, तेल आणि पोलादातले ट्रस्ट, शेतकऱ्यांचं कर्ज आणि त्यातून उभी राहिलेली चळवळ जी १८९२ च्या ओमाहा जाहीरनाम्यापर्यंत गेली. शेवटच्या वाक्यात हे सगळं प्रश्नाकडे वळवायचं.

बाहेरच्या पुराव्यासाठी नाव घेऊन पुढे जाणं पुरत नाही. "हेपबर्न कायदाही झाला" इथे गुण शून्य. "१९०६ च्या हेपबर्न कायद्याने आंतरराज्य वाणिज्य आयोगाला रेल्वेच्या दरांवर कमाल मर्यादा घालता आली, त्याआधी आयोग होता, पण दर ठरवण्याची ताकद त्याच्याकडे नव्हती" इथे मिळतो. अट एवढीच की हा कायदा दिलेल्या सात दस्तऐवजांत आलेला नसावा.

स्रोताच्या विश्लेषणात सगळ्यात जास्त दिसणारं आणि सगळ्यात निरुपयोगी वाक्य म्हणजे "लेखक पक्षपाती आहे". समजा दस्तऐवज म्हणजे एका रेल्वे कंपनीच्या अध्यक्षाने १९०५ साली सिनेटच्या समितीपुढे दिलेली साक्ष आहे. तो रेल्वेवाला आहे म्हणून विरोध करतो, एवढं कोणीही सांगेल. लिहायचं ते असं: दर ठरवण्याचा कायदा विचाराधीन असताना, मत देणाऱ्या सिनेटरांसमोर तो बोलतो आहे, म्हणून तो कंपनीच्या नफ्याऐवजी छोट्या भागधारकांच्या नुकसानीवर भर देतो, कंपन्यांना हा कायदा जुन्या कायद्यासारखा कागदी वाटत नव्हता हे यातून दिसतं. ऐकणारा कोण, वेळ कोणती आणि त्यामुळे मजकुरात काय आलं, मग हे आपल्या थीसिसला कुठे लागतं. शेवटचा दुवा तुटला की गुण तुटला.

उरलेला गुण युक्तिवादातली गुंतागुंत दाखवण्याचा ('कॉम्प्लेक्सिटी'). त्याला घाबरून मुलं तो सोडून देतात, पण आता सातही दस्तऐवज नीट वापरले किंवा चारांचं स्रोतविश्लेषण केलं तरी तो मिळू शकतो. वरच्या प्रश्नात सरळ वाटही आहे: १९१६ साली काँग्रेसने बालमजुरीवर निर्बंध घालणारा कायदा केला आणि १९१८ साली हॅमर विरुद्ध डॅगनहार्ट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. बदल झाला आणि अडलाही, हे एका परिच्छेदात दाखवता येतं.

वेळ: १५ मिनिटं वाचन, ४५ लेखन. वाचताना प्रत्येक दस्तऐवजाला सहा-सात शब्दांची टीप आणि थीसिसमधल्या कुठल्या भागाखाली तो जाईल त्याचं चिन्ह, इतकंच. दस्तऐवजांतली लांब अवतरणं उतरवून काढणं हा निव्वळ वेळेचा नाश आहे, अवतरणालाच स्वतंत्र गुण नाहीत.

सनावळीचं काय, असा प्रश्न पालकांकडून येतोच. नेमका दिवस इथे क्वचितच लागतो. लागतो तो क्रम. गुलामगिरीच्या वादातली १८२० ची मिसुरी तडजोड, १८५० ची तडजोड, १८५४ चा कॅन्सस-नेब्रास्का कायदा, १८५७ चा ड्रेड स्कॉट निकाल: प्रत्येक पायरीने आधीच्या पायरीचं काय मोडलं हे सांगता आलं पाहिजे. आणि जोड्या सांभाळायच्या. पहिली धार्मिक जागृती १७३०-४० च्या दशकांतली, दुसरी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली. लाल भीतीही (कम्युनिस्टांची धास्ती) दोन, पहिल्या महायुद्धानंतरची आणि दुसऱ्यानंतरची. पॉप्युलिस्ट मुख्यतः शेतकरी, प्रोग्रेसिव्ह मुख्यतः शहरी मध्यमवर्ग, आणि दुसऱ्यांनी पहिल्यांच्या काही मागण्या १९१३ च्या सोळाव्या आणि सतराव्या दुरुस्तीत पुऱ्या केल्या: आयकर आणि सिनेटरांची थेट निवडणूक.

गव्हर्नमेंट: नऊ दस्तऐवज आणि खटले

इथे अभ्यासक्रम आटोपशीर आहे आणि म्हणून फसवा. तीन तास: ८० मिनिटांत ५५ बहुपर्यायी, १०० मिनिटांत चार लेखी प्रश्न. संकल्पना लावून दाखवण्याचा प्रश्न तीन गुणांचा, आलेख-तक्त्याचा चार, खटल्यांच्या तुलनेचा चार, युक्तिवादाचा निबंध सहा. पहिल्या तिघांना वीस-वीस मिनिटं आणि निबंधाला चाळीस. पाच युनिटांत काँग्रेस, अध्यक्ष, नोकरशाही आणि न्यायालयं यांच्या परस्परसंबंधांचं दुसरं युनिट सगळ्यांत जड आहे, २५ ते ३६ टक्के.

नऊ मूलभूत दस्तऐवज मुळातून वाचायचे आहेत. फेडरॅलिस्ट १० (राज्यघटनेच्या बाजूचा निबंध) आणि ब्रूटस १ (तिच्या विरोधातला) एकाच बैठकीत वाचले तर दोन्ही लक्षात राहतात. मॅडिसन म्हणतो, प्रजासत्ताक मोठं असलं की गट इतके होतात की एकालाच वरचढ होणं अवघड. ब्रूटसचं म्हणणं, इतक्या मोठ्या देशात प्रतिनिधी लोकांपासून तुटतील आणि स्वातंत्र्य टिकणार नाही. फेडरॅलिस्ट ५१ सत्तेवर सत्तेचा लगाम, ७० एकच कार्यकारी प्रमुख का हवा, ७८ न्यायाधीशांना तहहयात नेमणूक का. निबंधात प्रश्नासोबत दिलेल्या यादीतला एक दस्तऐवज वापरावाच लागतो, आणि विरुद्ध मताला उत्तर देण्याचा एक गुण वेगळा आहे. तिथे विरुद्ध मत फक्त मांडून थांबणारे खूप. ते खोडून काढल्याशिवाय किंवा ते कितपत मान्य आहे हे सांगितल्याशिवाय गुण मिळत नाही.

आवश्यक खटले चौदा. जुन्या पुस्तकांत पंधरा दिसतील: २०२२ च्या डॉब्स निकालाने गर्भपाताच्या हक्काचा रो विरुद्ध वेड निकाल उलटवला आणि तो यादीतून गेला. तुलनेच्या प्रश्नात एक खटला यादीतला असतो आणि दुसरा अनोळखी, त्याची हकिकत प्रश्नातच दिलेली. पहिला गुण दोन्हींत सामायिक असलेल्या घटनात्मक कलमाला. पुढचे दोन यादीतल्या खटल्यातली वस्तुस्थिती सांगून निकालातला फरक किंवा साम्य उलगडण्याला. म्हणून प्रत्येक खटल्यासाठी कार्डावर चारच ओळी: काय घडलं, कुठलं कलम, निकाल काय, न्यायालयाने कारण काय दिलं. चौथी ओळ नसेल तर कार्ड निरुपयोगी.

गोंधळ होतो तो एकसारख्या दिसणाऱ्या खटल्यांत. एंजल (१९६२) आणि योडर (१९७२) दोन्ही धर्म आणि शाळेचे. पण एंजलमध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांतली प्रार्थना होती आणि प्रश्न सरकारने धर्म पुरस्कृत करण्याचा. योडरमध्ये आमिश पालकांना आठवीनंतर मुलांना शाळेत पाठवायचं नव्हतं आणि प्रश्न धर्म पाळण्याच्या स्वातंत्र्याचा. मॅकुलक (१८१९) केंद्राचे अधिकार पसरवतो, लोपेझ (१९९५) शाळेजवळच्या बंदुकीला आंतरराज्य व्यापार म्हणायला नकार देऊन ते आवळतो. बेकर (१९६२) आणि शॉ (१९९३) दोन्ही मतदारसंघांचे आणि दोन्हींत चौदाव्या दुरुस्तीतलं समान संरक्षणाचं कलम. टेनेसीने १९०१ पासून विधिमंडळाचे मतदारसंघ नव्याने आखलेच नव्हते. बेकरने एवढंच ठरवलं की अशा तक्रारी न्यायालय ऐकू शकतं. शॉमध्ये नॉर्थ कॅरोलायनाचा महामार्गालगत लांबच लांब पसरलेला बारावा मतदारसंघ होता आणि सीमा आखताना वंश हाच मुख्य आधार असेल तर कठोर तपासणी होईल असं ठरलं. जनगणनेचा धागा ज्याच्या हातात आहे त्याला हे दोन खटले वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

आलेखाच्या प्रश्नात पहिला भाग आलेखावरून थेट वाचायचा असतो आणि तिथेही गुण जातात, कारण मुलं आकडा आणि एकक लिहीत नाहीत. "वाढलं" हे उत्तर नव्हे. किती टक्क्यांवरून किती टक्के आणि कुठल्या वर्षांत, ते हवं.

वेळापत्रक

तिन्ही परीक्षा मेमध्ये, आणि आता पूर्णपणे संगणकावर, ब्लूबुक ॲपमधून. डीबीक्यूचे दस्तऐवज आणि लिहायची जागा एकाच पडद्यावर असते, त्यामुळे कागदावर सराव केलेल्या मुलाची पहिली दहा मिनिटं वर-खाली सरकवण्यात जातात. सरावाचे किमान दोन डीबीक्यू तरी टाइप करून, घड्याळ लावून, स्पेलचेक बंद ठेवून करावेत. प्रश्न शोधायला पैसे घालायची गरज नाही. कॉलेज बोर्ड (एपी परीक्षा घेणारी संस्था) मागच्या वर्षांचे लेखी प्रश्न, गुणदानाचे निकष आणि विद्यार्थ्यांची खरी उत्तरं मिळालेल्या गुणांसह फुकट ठेवतं. त्यातलं चांगलं उत्तर वाचण्यापेक्षा मध्यम गुणांचं वाचणं जास्त शिकवतं: निकष समोर ठेवून स्वतः गुण द्यायचे, मग बोर्डाचं भाष्य उघडून बघायचं. सहा-सात उत्तरं अशी तपासली की मूल स्वतःच्या लेखनातला तुटका दुवा स्वतःच पकडू लागतं.

गव्हर्नमेंट पहिल्या सेमिस्टरला असेल तर डिसेंबरात कोर्स संपतो आणि परीक्षा मेमध्ये येते. मधले चार महिने इकॉनॉमिक्स आणि कॉलेजच्या अर्जांच्या निकालांत जातात. मार्चपासून आठवड्याला एक खटला-तुलना आणि दोन दस्तऐवज एवढं ठेवलं तरी गाडी रुळावर राहते. दुसऱ्या सेमिस्टरला असेल तर अडचण उलटी: परीक्षेच्या दिवशी वर्गात शेवटचं, मतदान, पक्ष आणि माध्यमांचं युनिट बरेचदा अर्धंच झालेलं असतं, आणि त्याचं वजन २० ते २७ टक्के आहे. ते एप्रिलमध्ये घरी वाचून काढावं लागतं.